दिवेकरांचा तह

शांततेबद्दल इतकं बोलणारा आणि जाईल तिथे माणसांत अबोला पेरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. यशवंत दिवेकर आमच्या मिलच्या लॅबचे इनचार्ज होते आणि मी त्यांचा असिस्टंट. सुरतेत, कापड रंगवणाऱ्या त्या मिलमध्ये, मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. या काळात मला त्यांचा राग असा क्वचितच आला. राग यायला समोरच्या माणसाचं काहीतरी वजन वाटावं लागतं.

दिसायला माणूस भारदस्त. कायम फिकट रंगाचा सफारी, मानेवर घामाचा डाग नको म्हणून कॉलरच्या आत घडी करून ठेवलेला रुमाल, आणि बोलताना दोन्ही हात पाठीमागे. समोर मी एकटा असलो तरी सभा भरलेली असावी असं त्यांचं बोलणं. त्यांचे कोणी पूर्वज म्हणे एका संस्थानात वकील होते, म्हणजे दुसऱ्या दरबारांशी बोलणी करणारे. ते संस्थान कोणतं, हे दर वेळी बदलायचं. "मुत्सद्देगिरी रक्तात असावी लागते, चौधरी," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगत. माझ्या रक्तात ती नाही, हे सांगायची त्यांना गरज वाटत नसे.

मिलमध्ये कुठेही दोन माणसं भांडली की दिवेकर तिथे हजर. एकदा रंगखात्याचे मास्टर आणि छपाईचे मास्टर एका मोरपंखी शेडवरून भिडले. हा म्हणे छपाईत बिघडला, तो म्हणे रंगच चुकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते आपोआप थंड झाले असते, रोजच होत. पण दिवेकर मध्ये पडले. आधी एकाला बाजूला घेऊन सांगितलं, बरोबर तुम्हीच आहात, पण तो माणूस हट्टी आहे, त्याला मी सांभाळतो. मग दुसऱ्याला बाजूला घेऊन तेच सांगितलं. संध्याकाळी दोघं पुन्हा भांडले आणि भांडताना दोघांनीही "दिवेकरसाहेबसुद्धा म्हणतात" असं म्हटलं. त्यानंतर ते दोन मास्टर एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप मी पोचवायचो. शेठजींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी दिवेकरांना केबिनमध्ये बोलावलं आणि हात जोडून एवढंच म्हणाले, "दिवेकरभाई, तमे रहेवा दो." दिवेकरांनी बाहेर येऊन मला सांगितलं की शेठनी हात जोडले.

प्रत्यक्षातल्या माणसांना ते असे नकोसे झाल्यावर त्यांनी आपल्यासाठी दोन राष्ट्रं तयार केली होती. एक सुवर्णप्रस्थ आणि एक चंद्रावळ. नावं ऐकून मला रिंग रोडच्या मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानांच्या पाट्या आठवायच्या. दोन्ही देशांमध्ये एक नदी वाहत होती. पाणी चंद्रावळच्या डोंगरातून यायचं, मीठ सुवर्णप्रस्थाच्या किनाऱ्यावर पिकायचं, आणि एकाला दुसऱ्याशिवाय जगता येत नसूनही पिढ्यान्‌पिढ्या लढाया चालू होत्या. लॅबमध्ये नमुना उकळत असायचा आणि दिवेकर मला सांगायचे की चंद्रावळचा दूत सुवर्णप्रस्थाच्या दरबारात शिरताना पागोटं काढत नाही, म्हणून तिथल्या राजाने दाराची चौकट बुटकी करून घेतली. मग दूत पाठमोरा होऊन, उलटा वाकून आत शिरला. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत. उकळणारा नमुना करपला की ठपका माझ्यावर.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खरोखर चांगली होती, आणि ती नाकारणं खोटेपणाचं होईल. दोन्ही राजे शेवटी भर नदीत एका होडीत भेटतात, कारण नदीचा मधला भाग कोणाच्याच मालकीचा नसतो. होडी हलकी आहे. एकजण रागाने उठला तर दोघेही बुडणार. त्यामुळे दोघांना बसूनच बोलावं लागतं. ही होडी दिवेकरांना कशी सुचली ते मला आजवर कळलेलं नाही.

मी लिंबायतला राहायचो. आमच्या ओळीत सगळी लूमवर काम करणारी खान्देशी कुटुंबं. पाठीमागच्या ओळीत बौद्ध कुटुंबं, तीही बहुतेक धुळे-जळगावकडचीच, कोणी रेल्वेत, कोणी मिलमध्ये. दोन ओळींच्या मध्ये एक पटांगण. आमचा गणपती तिथे बसायचा आणि त्यांची जयंतीही तिथेच व्हायची. एका वर्षी मंडपाच्या खांबावरून भांडण झालं, दगड आले, आणि पाठीमागच्या ओळीतल्या बिऱ्हाडेंच्या पुतण्याचं डोकं फुटलं. पोलीस आले, दोन्हीकडची पोरं आत जाऊन आली. तेव्हापासून दोन्ही ओळींचं बोलणं बंद आणि पटांगणाला कुलूप. त्याआधीच शहरात मोठे दंगे होऊन गेले होते, त्यामुळे पोलिसांना कुठेच खांब रोवलेला नको होता.

हे मी एकदा बोलता बोलता दिवेकरांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते लिंबायतला रिक्षातून उतरले. हातात नाटकाचं बाड, नाव 'महातह'. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही ओळींनी मिळून नाटक करायचं. कोणाची जात नाही, कोणाचा धर्म नाही, सगळा मामला काल्पनिक देशांचा. लोक नाटक बघतील आणि मनं आपोआप जुळतील. पोलीस ठाण्यात जाऊन त्यांनी परवानगीसुद्धा आणली. तिथे सफारीचा उपयोग झाला असावा.

आमच्याकडून सुवर्णप्रस्थाचा राजा ठरला सुपडू पाटील. हा लूमचा मिस्त्री, आडदांड, आवाज असा की चालू मशीनवरूनही ऐकू जाईल. खांबाच्या भांडणात पुढे तोच होता. पाठीमागून चंद्रावळचा राजा ठरले स्वतः बिऱ्हाडे. रेल्वेच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क, राज्यशास्त्र घेऊन एम. ए. झालेले, बारीक आवाजात बोलायचे आणि बोलण्याआधी चष्मा पुसायचे. त्यांनी हो का म्हटलं याचं सगळ्यांना नवल वाटलं. पुतण्याच्या डोक्याला टाके पडलेले होते. पण जयंती जवळ येत होती आणि पटांगण बंद होतं. मला प्रॉम्प्टरचं काम मिळालं.

तालमी शाळेच्या वर्गात व्हायच्या. दिवेकर येताना घरून पाण्याची बाटली आणत. पहिल्या दिवशी बिऱ्हाडेवहिनींनी सगळ्यांना सरबत आणलं. नाटकातल्या तहात दोन्ही राजे एका पेल्यातून नदीचं पाणी पितात. तो प्रसंग दिवेकरांनी डोळे मिटून, आवाज कापवत वाचून दाखवला आणि सरबताच्या ग्लासाला "घसा जरा नाजूक आहे" म्हणून हात लावला नाही. मग बाटलीतलं पाणी प्यायले. वहिनींनी ग्लास उचलून नेला. वर्गात ते पाहिलं सगळ्यांनी.

सुपडूच्या बोलण्यावर त्यांचा विशेष राग. सुपडू आमच्याकडच्या सगळ्यांसारखं 'पानी' म्हणायचा. दिवेकर त्याला थांबवून 'पाणी' म्हणायला लावत. राजा आहात तुम्ही, मिस्त्री नाही, असं सांगत. एका तालमीत तर पूर्ण वेळ तो एकच शब्द चालला होता. सुपडूसारख्या माणसाचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. समोर बिऱ्हाडे बसले होते. ते हसले नाहीत. सुपडूने ते लक्षात ठेवलं असावं.

तहाचा प्रवेश वाचायला घेतला त्या दिवशी खरी गंमत झाली. बिऱ्हाडेंनी आपलं भाषण वाचलं, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "दिवेकरसाहेब, या तहात चंद्रावळला काय मिळतं?"

"शांती," दिवेकर म्हणाले.

"आणि सुवर्णप्रस्थाला?"

दिवेकरांनी बाड चाळल्यासारखं केलं. बिऱ्हाडेंनीच सांगितलं. नदीचं पाणी सुवर्णप्रस्थाला, सीमेवरचा किल्ला सुवर्णप्रस्थाला, राजकन्या सून म्हणून सुवर्णप्रस्थाला. शिवाय सही करताना चंद्रावळचा राजा एक पायरी खाली उभा.

"शांती त्यांना नको होती का?" बिऱ्हाडेंनी विचारलं.

कलाकृतीकडे अशा हिशेबी नजरेने पाहायचं नसतं, असं दिवेकर म्हणाले. चंद्रावळ हे मनाने मोठं राष्ट्र आहे, त्यागातच त्याचं मोठेपण. बिऱ्हाडे म्हणाले, असं मोठेपण आम्हाला बरंच मिळालेलं आहे, आता थोडं पाणी मिळालं तर बघा. मागच्या बाकावर बसलेली सुपडूची आई, जी तालमीला फक्त मुलगा राजा झालेला बघायला यायची, ती मध्येच म्हणाली, "हाऊ राजा कायम खालेच उभा राही का?" म्हातारीला कोणाची बाजू घ्यायची नव्हती. तिला ते दिसायला बरं वाटत नव्हतं इतकंच. दिवेकरांनी तालीम संपल्याचं जाहीर केलं.

मग त्यांनी मिलमध्ये केलं तेच इथेही केलं. सुपडूच्या घरी जाऊन सांगितलं की त्या लोकांना जरा समजून घ्या, फार हळवे असतात, पण त्यांना मी सांभाळतो, तहातला शब्द मी बदलू देणार नाही. बिऱ्हाडेंच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की पाटील अडाणी आहे, त्याच्या डोक्यात राजेपण गेलंय, तुम्ही सुशिक्षित, तुम्ही सोसा, त्याला मी सांभाळतो.

रविवारी मी दाढीला गेलो तर सलूनमध्ये बाकाच्या एका टोकाला सुपडू आणि दुसऱ्या टोकाला बिऱ्हाडे. तालमीत संवाद म्हणत होते तेवढेच, एरवी दगडांच्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. मी मधल्या जागेत बसलो. मग सुपडू समोरच्या आरशाकडे बघत म्हणाला, "हाऊ माणूस तुमले बी हाईच सांगस का, का मी सांभाळी लेस म्हणून?"

बिऱ्हाडेंनी चष्मा काढला. पुसला नाही. "माले सांगं, का तुम्ही अडाणी शेतस," ते म्हणाले. बिऱ्हाडेंच्या तोंडून अहिराणी मी तोवर ऐकली नव्हती. त्यांच्या घरात ती असणार हे उघड होतं, पण बाहेर ते पुस्तकातलं मराठी बोलायचे.

"माले सांगं तुम्ही हळवा शेतस," सुपडू म्हणाला.

आणि मग दोघं हसायला लागले. मनापासूनचं हसू नव्हतं ते. दोघांनाही एकाच माणसाची किळस आली होती, तिचं हसू होतं. पण हसले एकत्र. न्हाव्याने वस्तरा बाजूला धरला.

तहाचा नवा प्रवेश दोघांनी सुपडूच्या खात्यात बसून केला. लूमच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. वीज बंद असण्याच्या वारी तिथे मशीनं गप्प असतात. ग्रे, म्हणजे अजून न रंगवलेल्या, कापडाच्या ताक्यांवर दोघं बसले आणि मी लिहायला. मला वाटलं होतं तासाभराचं काम. पण नसलेल्या नदीच्या पाण्यावरून ते दोघे असे भांडले की जणू त्यांची शेतं तिच्यावर भिजत होती. पावसाळ्याचं पाणी कोणाचं, उन्हाळ्याचं कोणाचं. मिठाची होडी अडवायची नाही. राजकन्या कोणालाही द्यायची नाही, ती काय मालधक्क्यावरचं पार्सल आहे का, असं बिऱ्हाडे म्हणाले. नदीकाठचं मैदान दोन्ही देशांनी वापरायचं, ज्याचा सण असेल त्याने आधी कळवायचं आणि दुसऱ्याने खांब रोवायला माणसं द्यायची. इथवर आल्यावर मी लिहिणं थांबवून दोघांकडे पाहिलं. नाटकात खांब कुठेच नव्हता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग बिऱ्हाडेंनी शेवटचं कलम सांगितलं. सुवर्णप्रस्थाच्या राजाने होडीत बसल्यावर पहिल्यांदा म्हणायचं, की पहिला दगड आमच्याकडून आला.

सुपडू उठून उभा राहिला. तो म्हणाला, हे होणार नाही. बिऱ्हाडे बसूनच होते. ते म्हणाले, मग बाकीचं फाडून टाका. सुपडू लूमच्या रांगेतून पार टोकापर्यंत गेला, परत आला. त्याचा हात एका मशीनवरून उगीच फिरत होता. मग तो म्हणाला, "राजा म्हणी. सुपडू नही म्हणाव."

"चालेल," बिऱ्हाडे म्हणाले. "लोकांना समजेल."

दिवेकरांना यातलं काही कळू दिलं नाही. ते रोज येत, जुना तह ऐकत, 'पाणी' सुधारत आणि बाटली रिकामी करून जात.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी पटांगणाचं कुलूप निघालं. दोन्ही ओळी आल्या, पण मध्ये वाट सोडून वेगवेगळ्या बसल्या. दिवेकर पहिल्या रांगेत ठाणेदारांच्या शेजारी, मानेवर नवा रुमाल. पहिले दोन अंक लोकांनी सोसले. उलटा वाकून शिरणाऱ्या दूताला हशा मिळाला. मग होडी आली. भाजीच्या हातगाडीला पुठ्ठा लावून ती केली होती. सुपडू आणि बिऱ्हाडे समोरासमोर बसले. कोणीच खाली उभं नव्हतं. पहिल्या रांगेत दिवेकर हललेले मी विंगेतून पाहिलं.

सुपडूचं वाक्य आलं. तो बोलेना. मी विंगेतून हळूच शब्द दिला. त्याने ऐकला, पण तोंड उघडलं नाही. मी पुन्हा दिला. मग त्याने बिऱ्हाडेंकडे पाहायचं सोडून सरळ लोकांकडे पाहिलं, जिथे पाठीमागच्या ओळीतली पोरं बसली होती, आणि त्या मशीनवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात नाही, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "पहिला दगड आमच्याकडून आला." मग पेला उचलला आणि पुढचं मात्र मोठ्याने म्हटलं, "घ्या. पानी प्या."

टाळ्या आमच्या ओळीतून आधी आल्या की पाठीमागून, यावर लोक पुढे वाद घालत. मी विंगेत होतो, मला सांगता येणार नाही. बिऱ्हाडेंचा पुतण्या उभा राहिला होता एवढं दिसलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. उभा होता.

मला वाटलं, आता दिवेकर चिडतील, स्टेजवर येऊन म्हणतील की हे माझं नाटक नाही. तसं झालं असतं तर मला त्यांच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता. दिवेकर स्टेजवर आले, माईक हातात घेतला आणि म्हणाले की तहाचा शेवट मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. खरा मुत्सद्दी तो, जो स्वतः अदृश्य राहतो आणि दोन्ही पक्षांना वाटू देतो की तह आपणच केला. ठाणेदारांनी त्यांना हार घातला. हातगाडीवर बसलेल्या दोन राजांनी एकमेकांकडे पाहिलं. हातगाडी भाजीवाल्याला परत करायची होती, ती ढकलत घेऊन गेले.

त्या वर्षी जयंती पटांगणात झाली, गणपतीही बसला आणि दोन्ही वेळा खांब रोवायला दोन्हीकडची माणसं होती. गोडीगुलाबी झाली असं मी म्हणणार नाही. कुरबुरी चालूच राहिल्या. पण बोलणं बंद झालं नाही. शहरात प्लेग आला तेव्हा हे दिसलं. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो गावाकडे. मीही बायको-मुलांना अमळनेरला धाडलं. जे मागे राहिले त्यांनी, आमच्या ओळीतल्या आणि पाठीमागच्या, मिळून दोन्हीकडची गटारं उपसली. बिऱ्हाडेंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि सुपडू त्यांना फावडं कसं धरायचं ते ओरडून सांगत होता.

दिवेकर पहिल्याच दिवशी पुण्याला गेले. पळून जाणं हा गुन्हा नव्हता, अर्धं शहर पळालं होतं. पण जाताना लॅबच्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन गेले. सगळं शांत झाल्यावर परतले तेव्हा शेठनी विचारलं, तर म्हणाले की मी बाहेरून सूत्रं हलवत होतो. कोणती सूत्रं, हे विचारायची कोणालाच इच्छा झाली नाही.

पुढे ते रिटायर झाले आणि सुरतेतच अडाजणला फ्लॅट घेऊन राहिले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चौकातल्या बसस्टॉपवर. त्यांच्याजवळ एक तरुण प्राध्यापक उभा होता, बहुधा नव्याने बदलून आलेला, आणि दिवेकर हात पाठीमागे बांधून त्याला लिंबायतची हकिकत सांगत होते. मधल्या काळात हकिकत बरीच वाढली होती. आता तीत गोळीबार होता आणि खुद्द दिवेकर दोन जमावांच्या मध्ये उभे होते. मला पाहून त्यांनी ओळख करून दिली. हे चौधरी, त्या वेळी माझ्या हाताखाली होते, सगळं यांच्या डोळ्यांदेखत झालं.

प्राध्यापक भला माणूस होता. त्याने मला विचारलं, "खरंच यांच्यामुळे त्या दोन वस्त्या एकत्र आल्या?"

सलूनमधला तो बाक मला आठवला. मी म्हणालो, "हो. यांच्याशिवाय ते कधीच एकत्र आले नसते."

दिवेकरांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी डळमळलं. हे कौतुक आहे की आणखी काही, याचा त्यांना अंदाज येईना. मग त्यांनी कौतुकच घ्यायचं ठरवलं आणि "बघा," म्हणून प्राध्यापकाकडे वळले. तेवढ्यात माझी बस आली. खिडकीतून पाहिलं तर प्राध्यापकही आपली बस पकडायला पुढे सरकला होता, आणि दिवेकर त्याच्या पाठीमागून चालत, हात तसेच बांधलेले, पुढचं सांगत होते.